होनापासून संमतीपत्रापर्यंत : झुंजणाऱ्याच्या जखमेचा खर्च कोणी सोसायचा?

१/ तारापूर म्हटले की बहुतेकांना अणुवीज केंद्र आठवते आणि त्याला लागून बोईसरची औद्योगिक वसाहत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र १७३९ चा जानेवारी महिना आठवतो. चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत मराठी फौजांनी पोर्तुगिजांकडून तारापूरचा कोट घेतला. त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर हे नामांकित सरदार कामी आले. आजचा धागा याच परिसरातला आहे, पण तो मोहिमेविषयी नाही. प्रश्न असा आहे : जो माणूस आपण होऊन झुंजीला उतरतो, त्याला जखम झाली तर तिचा खर्च कोणी सोसायचा? गेल्या साडेतीनशे वर्षांत या प्रश्नाची उत्तरे कशी बदलत गेली, ते पाहू.

२/ प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. काही वर्षांपूर्वी मी आणि माझी मैत्रीण बोईसरमधल्या एका किक-बॉक्सिंगच्या वर्गात शिकत होतो. बारावी नुकतीच झाली होती, दोघींनाही अठरा पूर्ण होती. एका स्पर्धेआधी आयोजकांनी आमच्याकडून संमतीपत्र भरून घेतले : दुखापत झाल्यास सर्व जबाबदारी माझी स्वतःची राहील. त्या दिवशी माझे मनगट मोडले आणि तिची नडगी. माझे वडील कारखान्यात कायम कामगार होते, म्हणून माझा उपचार त्यांच्या कामगार विम्याच्या कार्डावर झाला. तिचे वडील नाक्यावरचे बांधकाम मजूर. तिच्या पायात सळई घालावी लागली आणि त्यासाठी तिच्या आईने बचत गटातून कर्ज काढले. सही दोघींची एकाच मजकुराखाली होती. असे का झाले, हे समजून घेण्यासाठी मागे जावे लागेल.

३/ प्रथम शिवकाळात जाऊ. कृष्णाजी अनंत सभासद याने १६९७ च्या सुमारास जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली. प्रतापगडच्या युद्धानंतर (नोव्हेंबर १६५९) महाराजांनी लोकांची कशी दखल घेतली, याचे वर्णन तीत आहे. जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेतले. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन चालू केले. जखमी झालेल्यांना जखम पाहून दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन दिले. बखर घटनेनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी लिहिली गेली, त्यामुळे प्रत्येक आकडा शब्दशः घेऊ नये, हे मान्य. पण जखमेची प्रत ठरवावी आणि तिच्या प्रमाणात रक्कम द्यावी, ही कल्पना त्या काळच्या माणसाला परिचित होती, एवढे तरी त्यातून निश्चित दिसते.

४/ पेशवाईच्या कागदपत्रांत याच विचाराचे आणखी एक रूप भेटते : बालपरवेशी. लढाईत पडलेल्या शिपायाच्या लहान मुलांच्या पालनपोषणासाठी दिली जाणारी ही नेमणूक. या दोन्ही व्यवस्थांमागचे तत्त्व सारखे आहे. झुंजणारा ज्याच्यासाठी झुंजतो, त्याने त्याच्या जखमेचा आणि त्याच्या मागे राहिलेल्यांचा भार उचलायचा. शिपाई स्वखुशीने फौजेत आला होता, धोका त्याला ठाऊक होता, म्हणून त्याला काही देणे लागत नाही, असा युक्तिवाद इथे दिसत नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवावा. पुढे एकोणिसाव्या शतकात नेमका तोच युक्तिवाद उभा राहणार आहे.

५/ फौजेतली झुंज संपली तरी तालमीतली चालू राहिली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला जो आश्रय दिला तो सर्वश्रुत आहे. खासबागचे कुस्ती मैदान १९१२ साली उभे राहिले. दूरदूरचे मल्ल कोल्हापुरात राहू लागले, त्यांच्या खुराकाची आणि निवासाची व्यवस्था दरबाराने पाहिली. खांदा निखळला, गुडघा गेला, तर पोशिंदा होता. पण या व्यवस्थेची मर्यादाही ओळखली पाहिजे. आश्रय ही राजाची मर्जी होती, मल्लाचा हक्क नव्हे. कोणत्या दुखापतीला किती रक्कम, याचा लेखी करार नव्हता. संस्थाने १९४७ नंतर विलीन झाली, पोशिंदा गेला, आणि त्याच्या जागी कोण येणार हा प्रश्न तसाच राहिला.

६/ दरम्यान ब्रिटिश कायद्याने झुंजीकडे वेगळ्याच नजरेने पाहिले होते. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगाने दंडसंहितेचा मसुदा १८३७ मध्ये सादर केला. १८६० मध्ये त्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून तो अमलात आला. त्याच्या कलम ८७ मध्ये संमतीचे तत्त्व आहे. स्पष्टीकरणासाठी दिलेले उदाहरण खेळाचेच आहे : दोन माणसे करमणुकीसाठी पट्टा खेळायला तयार होतात. नियमाने खेळताना एकाच्या हातून दुसऱ्याला इजा झाली तर तो गुन्हा नव्हे, कारण तेवढी इजा सोसण्याची संमती दोघांनीही दिलेली आहे. संमती देणारा अठरा वर्षांहून मोठा असला पाहिजे, ही अट त्याच कलमात आहे. भारतीय न्याय संहितेत हे तत्त्व कलम २५ म्हणून कायम आहे.

७/ हे कलम योग्यच आहे. ते नसते तर प्रत्येक कुस्तीनंतर फौजदारी खटला उभा राहिला असता. पण त्याची व्याप्ती नीट पाहा. मारणारा गुन्हेगार नाही, एवढेच ते सांगते. ज्याला लागले त्याच्या उपचाराचे पैसे कोणी द्यायचे, याविषयी ते काहीच सांगत नाही. स्पर्धेच्या संमतीपत्रात मात्र या दोन गोष्टी एकत्र केल्या जातात. ‘मला धोका ठाऊक आहे’ या वाक्यातून ‘म्हणून खर्चही माझाच’ असा निष्कर्ष काढला जातो. तो आपोआप निघत नाही. इतिहासात एका मोठ्या वर्गाला हाच निष्कर्ष ऐकवला गेला होता आणि अखेर कायद्याने तो फेटाळला. तो वर्ग म्हणजे कारखान्यांतले आणि खाणींतले कामगार.

८/ त्याआधी विम्याचा जन्म. आगीचा आणि जहाजांचा विमा जुना. अपघाताचा विमा आला रेल्वेबरोबर. लंडनमध्ये १८४९ साली रेल्वे पॅसेंजर्स अ‍ॅश्युरन्स कंपनी सुरू झाली. तिकिटाबरोबरच विम्याची चिठ्ठी मिळे. पहिल्या वर्गाच्या प्रवाशाला तीन पेन्समध्ये हजार पौंड, दुसऱ्या वर्गाला दोन पेन्समध्ये पाचशे, तिसऱ्या वर्गाला एका पेनीत दोनशे पौंडांचे संरक्षण. असंख्य माणसांनी थोडे थोडे भरायचे, ज्या थोड्यांवर संकट येईल त्यांना त्यातून द्यायचे, हे गणित सामान्य माणसाच्या हाती प्रथम असे आले. मुंबईहून गुजरातकडे जाणारा, पालघर-बोईसरवरून धावणारा लोहमार्ग १८६४ मध्ये पूर्ण जोडला गेला, तेव्हा या कल्पनेला पंधरा वर्षे झाली होती.

९/ आता कामगारांकडे वळू. मेकॉलेचा मसुदा ज्या वर्षी सादर झाला त्याच १८३७ मध्ये इंग्लंडमध्ये प्रिस्टली विरुद्ध फाउलर हा खटला गाजला. खाटकाच्या दुकानातला एक नोकर जादा भरलेली गाडी मोडल्याने जखमी झाला. न्यायालयाचा सूर असा होता की धोका दिसत असताना नोकराला त्या गाडीवर न जाण्याची मोकळीक होती. मालकाला जबाबदार धरता येणार नाही. पुढची पन्नास वर्षे हीच मांडणी मालकांची ढाल झाली. खाणीत उतरलास, यंत्रापाशी उभा राहिलास, म्हणजे तू धोका स्वीकारलास. भूक हे त्या ‘संमती’चे खरे कारण होते, याची नोंद न्यायालयाच्या दप्तरात होत नसे.

१०/ ही ढाल फुटली १८९१ मध्ये, स्मिथ विरुद्ध बेकर या खटल्यात. खडकात भोके पाडणाऱ्या कामगाराच्या डोक्यावरून यारीने दगड नेले जात. एक दगड त्याच्यावर पडला. धोका त्याला ठाऊक होता, हे निर्विवाद होते. तरीही हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल त्याच्या बाजूने दिला. धोक्याची जाणीव असणे म्हणजे नुकसान सोसण्याची संमती देणे नव्हे, हे त्या निकालाचे सार. त्याच्या आधी, १८८४ मध्ये, जर्मनीत बिस्मार्कच्या काळात कामगारांसाठी सक्तीचा अपघात विमा आला होता. इंग्लंडमध्ये १८९७ मध्ये नुकसानभरपाईचा कायदा झाला. चूक कोणाची, हा प्रश्न मागे पडला. काम कोणासाठी चालले होते, हा पुढे आला.

११/ भारतात १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा याच परंपरेतला. त्याचे पहिले परिशिष्ट वाचताना मला सभासदाची बखर आठवली. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे मानावे, एक डोळा पूर्ण गेला तर ४० टक्के, दोन्ही हात गेले तर १०० टक्के. जखम पाहून रक्कम ठरवण्याची तीच पद्धत आता तक्त्याच्या रूपात आणि हक्क म्हणून आली होती. त्यानंतर १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. मालक आणि कामगार दोघांच्या वर्गणीतून कामगारासह त्याच्या कुटुंबालाही उपचार मिळू लागले. माझे मनगट ज्या कार्डावर बरे झाले त्याची वंशावळ ही अशी आहे.

१२/ बोईसर-तारापूरचा पट्टा या कायद्यांचे प्रदर्शनच आहे. रसायने, औषधे, पोलाद, कापड यांचे कारखाने इथे दाटीने उभे आहेत. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. घातक पदार्थ हाताळणाऱ्या कारखान्याने कुंपणाबाहेरच्या माणसासाठीही विमा घेणे त्याने बंधनकारक केले. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासून वीज देऊ लागल्या. अणुदुर्घटनेच्या भरपाईसाठी २०१० मध्ये वेगळा कायदा झाला. त्यात चालकाच्या दायित्वाची मर्यादा १,५०० कोटी रुपये होती, आणि २०१५ मध्ये तेवढ्याच रकमेचा विमा-निधी विमा कंपन्यांनी उभारला. कामगार, शेजारी, रस्त्याने जाणारा, प्रत्येकाच्या अपघाताचा कोणी ना कोणी विचार केला. त्याच वसाहतीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये संध्याकाळी सराव करणाऱ्या मुलामुलींचा मात्र या यादीत समावेश नाही.

१३/ पोशिंदा गेल्यानंतर स्वतंत्र भारतात मल्लाचे काय झाले, याचे सर्वांत ठळक उदाहरण खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकून आला. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्यांना पाठवण्यासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पुढे गुडघ्याच्या दुखापतीने त्यांची कारकीर्द आटोपली. पोलीस खात्यात सत्तावीस वर्षे नोकरी करून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १९८४ मध्ये रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार आला तो मरणोत्तर. राज्य आज त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, क्रीडा दिन म्हणून साजरा करते. प्राचार्यांचे गहाण घर ही गौरवाची गोष्ट आहेच, पण व्यवस्था नव्हती याचा तो पुरावाही आहे.

१४/ कुस्तीनंतरच्या पिढीत जपानी, कोरियन, थाई युद्धकला आल्या. इथे ‘फुल कॉन्टॅक्ट’ म्हणजे काय ते थोडक्यात. पारंपरिक कराटेच्या अनेक शैलींत प्रहार प्रतिस्पर्ध्याच्या अंगाशी पोहोचण्याआधी थांबवायचा असतो. मासुतात्सु ओयामा यांच्या क्योकुशिन शैलीने हा संकेत सोडला. १९६९ मध्ये जपानमध्ये तिची पहिली खुली राष्ट्रीय स्पर्धा झाली, जिथे प्रहार पूर्ण ताकदीने बसत. अमेरिकेत १९७४ च्या सुमारास व्यावसायिक फुल कॉन्टॅक्ट लढती सुरू झाल्या आणि त्यातून अमेरिकी धाटणीचे किक-बॉक्सिंग घडले. या खेळांत दुखापत हा नियमभंगाचा परिणाम नसतो. नियमाने खेळूनही ती होते. विमा कंपनीची अडचण नेमकी इथून सुरू होते.

१५/ भारतातल्या विमा पॉलिसीत अपघाताची व्याख्या ठरलेली आहे : बाह्य, दृश्य आणि हिंसक कारणाने घडलेली आकस्मिक, अनपेक्षित आणि अनैच्छिक घटना. आता रिंगणातली लाथ या व्याख्येत बसवून पाहा. ती बाह्य आहे, दृश्य आहे, हिंसक तर आहेच. पण अनपेक्षित? लाथ येणार हे ठाऊक होते, म्हणून तर हात वर होते. इथे १८३७ चा युक्तिवाद पुन्हा डोके वर काढतो. त्याला उत्तर स्मिथ खटल्याच्या धर्तीवर देता येते : लाथ अपेक्षित होती, हाड मोडणे अपेक्षित नव्हते. परंतु हा वाद दाव्याच्या टेबलावर, प्लास्टर घातलेल्या माणसाने घालायचा असतो. म्हणून पॉलिसीत खेळाचे नाव आधीच लेखी असणे महत्त्वाचे ठरते.

१६/ दुसरा अडसर वगळलेल्या गोष्टींच्या यादीतला. विमा नियामकाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील वगळण्याच्या कलमांची भाषा प्रमाणित केली. त्यातले नववे कलम धोकादायक किंवा साहसी खेळांचे. ‘व्यावसायिक’ म्हणून अशा खेळात भाग घेतल्याने झालेल्या दुखापतीचा खर्च मिळत नाही. उदाहरणांत गिर्यारोहण, मोटार शर्यत, घोड्यांची शर्यत, खोल समुद्रातील सूर मारणे वगैरे आहे. कुस्ती, बॉक्सिंग, कराटे यांची नावे नाहीत, पण यादी एवढ्यापुरतीच मर्यादित नाही असेही म्हटले आहे. आता बक्षिसाचे पाच हजार रुपये घेणारी बोईसरची खेळाडू व्यावसायिक की हौशी? कलम याचे उत्तर देत नाही. तरीही ‘व्यावसायिक’ हा शब्द हौशी खेळाडूच्या बाजूचा आहे. घरच्या आरोग्य विम्यातून दावा करताना तो शब्द दाखवून द्यावा.

१७/ मग सरकारी योजनांचे काय? आहेत, पण प्रत्येकीला कड आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाख आणि कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी एक लाख मिळतात. मोडलेल्या नडगीचे दवाखान्याचे बिल त्यात येत नाही. राज्याची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा योजना पहिली ते बारावीच्या मुलांसाठी आहे. बारावी संपली की ते छत्र सरते. केंद्राने २०२१ मध्ये १३,००० हून अधिक खेळाडू, प्रशिक्षक आणि सहायकांसाठी पाच लाखांचा आरोग्य विमा आणि २५ लाखांचे अपघाती संरक्षण जाहीर केले. ते राष्ट्रीय शिबिरे आणि सरकारी योजनांतल्या खेळाडूंसाठी. जिल्हा पातळीवरची अठरा वर्षांची मुलगी या तिन्हींच्या मधल्या फटीत पडते.

१८/ महाराष्ट्रात ही फट एका खेळापुरती बुजवली गेली आहे, आणि तो खेळ आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे : दहीहंडी. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये थरांची उंची २० फूट आणि वय किमान १८ अशी बंधने घातली. मोठा वाद झाला, प्रकरण वर गेले, परत आले. अखेर २०१७ मध्ये चौदा वर्षांखालील मुलांना मनाई एवढे निश्चित राहिले. २०२२ मध्ये राज्य सरकारने विधिमंडळात दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा आणि गोविंदांना विमा संरक्षण जाहीर केले. मृत्यू झाल्यास दहा लाख रुपये. २०२३ मध्ये ५०,००० गोविंदांचा विमा शासनाने उतरवला, हप्ता माणशी ७५ रुपये, एकूण साडेसदतीस लाख. २०२५ मध्ये ही संख्या दीड लाखांवर गेली.

१९/ यातला विरोधाभास पाहण्यासारखा आहे. विमा कंपनीच्या कलमात ‘साहसी खेळ’ हे शब्द दार बंद करण्यासाठी आहेत. शासनाने तेच शब्द दार उघडण्यासाठी वापरले. गोविंदाही स्वखुशीने थरावर चढतो, धोका त्यालाही दिसतो. तरीही त्याला कोणी म्हणाले नाही की चढलास तू, भोग तू. कारण गोविंदांची पथके आहेत, त्यांच्या समन्वय समित्या आहेत, मागणी एकमुखाने करण्याची सवय आहे. ७५ रुपयांचा आकडा रिंगणातल्या खेळाला जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण तो एका सणापुरता आहे आणि धोक्याचे स्वरूप वेगळे आहे. पण मोठ्या संख्येने एकत्र आल्यावर हप्ता किती उतरतो, हे त्यातून दिसते. १८४९ च्या तिकिटाच्या चिठ्ठीचे गणित तेच होते.

२०/ बाहेरचे जग काय करते? अमेरिकेत १९९६ च्या व्यावसायिक मुष्टियुद्ध सुरक्षा कायद्याने नियम केला की लढतीतल्या दुखापतीच्या उपचारासाठी प्रत्येक बॉक्सरचा आरोग्य विमा असल्याशिवाय लढत भरवता येणार नाही. मिश्र युद्धकलांच्या क्षेत्रात यूएफसीने २०११ मध्ये करारबद्ध खेळाडूंना सरावातल्या दुखापतींसाठीही अपघात विमा लागू केला. ही गोष्ट मोठी, कारण हाडे फक्त स्पर्धेत नव्हे तर सरावातही मोडतात. कराटेच्या माहेरघरी, जपानमध्ये, क्रीडा सुरक्षा संघटना १९७० पासून काम करते. चार किंवा अधिक जणांचा गट वर्षाला छोटी वर्गणी भरून अपघात विम्यात येतो. गल्लीतल्या मुलांच्या वर्गालाही ते परवडते. तिन्ही ठिकाणी संमती आहेच. फक्त तिच्यासोबत विमाही आहे.

२१/ विमा का हवा, याचे कठोर उत्तर जुलै २०२२ ने दिले. बंगळुरूत के-१ किक-बॉक्सिंगच्या लढतीत म्हैसूरचा २३ वर्षांचा तरुण डोक्यावर प्रहार बसून कोसळला आणि नंतर मरण पावला. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, आयोजनातल्या वैद्यकीय व्यवस्थेवर प्रश्न विचारले गेले. विमा माणूस परत आणत नाही. पण विमा कंपनी हप्ता ठरवण्यापूर्वी विचारते : डॉक्टर कोण, रुग्णवाहिका कुठे, हेल्मेट आहे का, वजनगट पाळले का? असे प्रश्न आधी विचारले गेले तर स्पर्धाच बदलते. पालघर जिल्ह्यात याचे महत्त्व अधिक, कारण डोक्याला गंभीर मार लागला की रुग्णाला बहुधा मुंबईकडे किंवा गुजरातच्या दिशेने न्यावे लागते, आणि वाटेतला प्रत्येक तास मोलाचा असतो.

२२/ लहान मुलांच्या बाबतीत संमतीपत्राचा पाया आणखी कच्चा आहे. पट्टा खेळणाऱ्यांच्या उदाहरणाचे कलम अठरा वर्षांवरील व्यक्तीच्या संमतीपुरते आहे. शिवाय अल्पवयीनाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरीबीबी खटल्यात ठरवून दिले. म्हणजे बारा वर्षांच्या मुलाने ‘जबाबदारी माझी’ या ओळीखाली केलेल्या सहीला कराराचे बळ नाही. तरीही तो कागद भरून घेतला जातो, आणि तो वाचून पालकांना वाटते की आता काही मागण्याचा मार्ग उरला नाही. कागदाचा खरा परिणाम न्यायालयात होत नाही. तो घरात होतो.

२३/ तर मग करायचे काय? नवा कायदा होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. वर्ग चालवणारे आणि आयोजक गट अपघात विमा घेऊ शकतात. घेताना पाच गोष्टी पाहाव्यात. खेळाचे नाव आणि ‘फुल कॉन्टॅक्ट’ हे शब्द पॉलिसीत लेखी आहेत का? फक्त मृत्यू-अपंगत्व नव्हे, दवाखान्याचा खर्चही मिळतो का? सरावाचे दिवस धरले आहेत का? काम बुडाल्यास साप्ताहिक रक्कम आहे का? आणि लढतीपूर्वी प्रत्येक खेळाडूचे नाव यादीत चढले आहे का? प्रवेश अर्जावर संमतीपत्राशेजारी पॉलिसीचा क्रमांक छापला जावा, एवढी मागणी खेळाडूंनीच करायला हवी. हप्ता प्रवेश शुल्कात मिळवला तर तो सर्वांत वाटला जातो. न मिळवला तर सगळा एका घरावर कोसळतो.

२४/ शेवटी पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे. मराठी शिपायाची जखम राज्याने मोजली. तालमीतल्या मल्लाची राजाने पाहिली. कामगाराची जखम प्रथम नाकारली गेली आणि मग कायद्याने मान्य केली. रिंगणातल्या खेळाडूची जखम अजून त्या नाकारण्याच्या टप्प्यावर आहे. धोका पत्करण्याची तयारी हा झुंजणाऱ्याचा गुण आहे. त्याचा खर्च त्याच्याच माथी मारण्याचे कारण तो होऊ शकत नाही.

माझ्या मैत्रिणीचा पाय बरा झाला. कर्ज फिटायला दोन वर्षे लागली आणि तोवर तिचा खेळ सुटला होता. आता ती लहान मुलींना शिकवते. तिच्या वर्गातले संमतीपत्र मी पाहिले आहे. तो मजकूर अजून तसाच आहे, पण त्याखाली एक नवी ओळ आली आहे : गट विमा पॉलिसी क्रमांक.

धागा समाप्त. तुमच्या गावच्या आखाड्यात किंवा वर्गात विम्याची काही व्यवस्था असेल तर खाली लिहा. ती नोंदसुद्धा उद्याच्या इतिहासाचे साधन आहे.